मी साप नाही, नोंद असावी

मी एक जुना दोर आहे. अंबाडीचा, तीन पदरांचा, चार हात लांब. हे अगदी सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो, कारण आजवर निदान हजार माणसांनी माझ्याकडे बोट दाखवून "साप!" म्हटले आहे आणि माझे म्हणणे काय ते एकानेही विचारलेले नाही. मित्रांनो, तुम्हाला शाळेत रोज कुणी दुसऱ्याच नावाने हाक मारली तर तुम्ही किती दिवस सहन कराल? मी वर्षानुवर्षे केले.

माझा जन्म उदगीरच्या बाजूच्या एका खेड्यात झाला. अंबाजी नावाचा एक म्हातारा दोर वळत असे. त्याने अंबाडीच्या काड्या ओढ्यात भिजत घातल्या, साल सोलली, उन्हात वाळवली आणि मग ओट्यावर बसून माझे पदर वळले. प्रत्येक पदराला एका बाजूचा पीळ आणि तिन्ही पदर एकत्र करताना उलट्या बाजूचा, म्हणजे दोर आपोआप सुटत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे लोक म्हणतात. माझा स्वभाव थोडा तसा आहे, हे मला मान्य आहे. काम झाल्यावर अंबाजीने मला दोन्ही हातांनी ताणून पाहिले, बोटे फिरवली आणि म्हणाला, "झाला बरं का चांगला." त्याला माझ्याबद्दल काहीही शंका नव्हती.

पुढे मी एका शेतकऱ्याच्या विहिरीवर कामाला लागलो. ते माझे चांगले दिवस होते. मी घागर खाली सोडायचो आणि भरलेली वर आणायचो. मी खरोखर आहे की नुसता भासतो, असा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही. पाणी वर आले की सगळे समजत होते. काही वर्षांनी कठड्यावर घासून घासून माझा बराचसा भाग झिजला. तो कापून टाकला आणि उरलो चार हात.

त्या शेतकऱ्याचा मुलगा एकनाथराव शिकायला हैदराबादला निघाला तेव्हा त्याची वळकटी बांधायला मला घेतले. तार्नाक्याला एका खोलीत तो राहिला, जवळच्या विद्यापीठात शिकला आणि पुढे विद्यानगरात मराठी माणसांनी चालवलेल्या एका लहानशा कॉलेजात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. आता त्याला एकनाथराव सर म्हणायला हवे. वळकटी केव्हाच गेली होती. मी मात्र खुंटीवर तसाच होतो.

सरांच्या पहिल्या वर्षी मुले तासाला पेंगत असत. ज्ञान म्हणजे काय, आपल्याला दिसते ते खरे असते का, हे प्रश्न नुसते फळ्यावर लिहून कुणाला जाग येणार? तेव्हा एके दिवशी सरांनी मला कॉलेजात नेले. अंधारात पडलेला दोर पाहून माणूस साप समजतो आणि घाबरतो, हे उदाहरण आपल्याकडे फार जुने आहे. सरांनी ते पुस्तकातून काढून जमिनीवर मांडले. वर्गाच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. त्याच्याजवळ मला वेटोळे करून ठेवले, खिडक्या लावून घेतल्या, मुलांना आत बोलावले आणि विचारले, "त्या कोपऱ्यात काय आहे?"

झाले! दोन मुले बाकावर चढली. एक दाराबाहेर पळाला. त्या दिवशी कुणी पेंगले नाही. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला मी त्या कोपऱ्यात पडू लागलो आणि उरलेले वर्ष दारामागच्या खिळ्यावर लटकू लागलो. "फळ्यापेक्षा ह्या दोरानं जास्त शिकवलंय," असे सर इतर प्राध्यापकांना सांगत. तेवढे कौतुक मी जपून ठेवले आहे.

पण मित्रांनो, त्या तासाला माझ्याबद्दल काय काय बोलले जाई ते ऐका. एक म्हणे, डोळ्यांना दिसते ते खरे, मला साप दिसला म्हणजे साप. दुसरा म्हणे, डोळ्यांचे काय सांगतोस, पेल्यातला चमचासुद्धा पाण्यात वाकडा दिसतो. तिसरीचे म्हणणे, आपण सगळे आत्ता स्वप्नात नाही कशावरून? एक चष्मेवाला दर वर्षी असायचाच. तो विचारी, "सर, कुणी बघत नसेल तेव्हा ती वस्तू असते का?" अरे बाबा, वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस मी दारामागे लटकतो. माझ्याकडे कुणी बघत नाही. तरी मी असतो. तुला खात्री करायची असेल तर दार ओढ आणि बघ.

आणि सगळ्यात संताप आणणारा तो, जो म्हणे की आपल्याला फक्त आपल्या मनातले चित्र दिसते, खरी वस्तू कधीच भेटत नाही. मी त्याच्यापासून चार पावलांवर होतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला? उठायचे, चार पावले चालायचे, वाकायचे आणि हात लावायचा. पण कुणी उठत नसे. तासभर वाद घालत आणि घंटा झाली की डबे खायला पळत.

सरांनाही हेच खुपत असे, हे मला नंतर कळले. वर्ग झाडायला येणाऱ्या सत्यवतीला ते एकदा म्हणाले, "इत्ते साल हो गए सत्यवती, एक बच्चा उठ के देखा नहीं. मी वाट बघतोय. एक तरी उठेल." सत्यवती मला गुंडाळत म्हणाली, "उठते साब, उठते. आप ऐसा अंधेरा करते तो डर नै लगता क्या बच्चों को?"

मग दिवस बदलले. बाहेरच्या कंपन्या आल्या, गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले, घरांवर केबलच्या तारा आल्या. कॉलेजच्या शेजारी झुडपांनी भरलेला मोकळा प्लॉट होता, तिथे सहा मजली इमारत उभी राहणार असा फलक लागला. आमच्या वर्गात मुले कमी होत गेली. जी येत ती सौरभच्या नोट्स घेऊन येत. सौरभ हा आमचाच एक जुना विद्यार्थी. त्याने सरांच्या सगळ्या तासांच्या नोट्स सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या आणि कोठी भागातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे त्यांची मूळ प्रत कायमची ठेवलेली होती. पहिल्या पानावर प्रश्न होता, "कोपऱ्यात काय आहे?" आणि खाली उत्तर होते, "दोर."

तेव्हापासून वर्गात साप दिसणे बंद झाले. सर खिडक्या लावत, मुले आत येत, सर विचारत, आणि मुले माझ्याकडे न बघताच एका सुरात म्हणत, "दोर, सर!" तुम्ही म्हणाल, बरे झाले की, तुला शेवटी खऱ्या नावाने हाक मारली. छे! उलट मी जास्त चिडलो. पूर्वीची मुले चुकत होती, पण निदान माझ्याकडे पाहून चुकत होती. ही मुले माझ्याकडे पाठ करून बरोबर बोलत होती. मला सांगा, ह्याला ज्ञान म्हणायचे का? सरही हाच प्रश्न विचारत, "कशावरून दोर?" मुले म्हणत, "नोट्समध्ये आहे."

अशी वर्षे गेली आणि १९९७ साल उजाडले. सरांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिले होते. जुलैमधल्या त्या दिवशी, पहिल्या तासाआधी, संस्थेचे सेक्रेटरी अविनाश वरच्या मजल्यावरून खाली आले. आमच्या खोलीवर त्यांचा डोळा होता. माणूस म्हणून ते वाईट नव्हते. त्यांना कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करायचा होता आणि त्यासाठी शंभर मुले रांगेत होती.

"एकनाथराव, शनिवारपर्यंत दहा नावं सह्यांसकट द्या," ते म्हणाले. "नऊ असली तरी खोली कॉम्प्युटरला जाईल. मला पालक विचारतात, नौकरी कशानं लागेल म्हणून. त्यांना काय, दोर दाखवू?"

"दहा आहेत," सर म्हणाले. "दहावी कालच आली."

दहावी म्हणजे तन्वी. तिचे वडील श्रीकांत पुण्याचे, पण ती सहा वर्षांची असल्यापासून हे कुटुंब हैदराबादेत होते. वडील एका कॉम्प्युटर कंपनीत अधिकारी होते. तन्वीचे शिक्षण इंग्रजीत झाले होते. मराठी ती बोलत असे, वाचताना मात्र एकेक अक्षर जोडत बसे. त्यामुळे वर्गात सौरभच्या नोट्स न वाचलेली ती एकटीच होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावरून झाले.

अविनाश एकनाथराव सरांना कागद दाखवायला वर घेऊन गेले. जाताना सर सत्यवतीला म्हणाले, "रस्सी कोने में रख देना." तिने मला कोपऱ्यात ठेवलेही. पण फरशी पुसायची राहिली होती. मी भिजलो तर कुजेन, म्हणून तिने मला उचलून परत दारामागच्या खिळ्यावर टांगले, फरशी पुसली आणि वाळेपर्यंत बादली ओतून यावी म्हणून मागच्या नळावर गेली. इतकी काळजी माझी कुणी केली नव्हती.

त्याच आठवड्यात शेजारच्या प्लॉटवर खोदाईचे यंत्र आले होते. झुडपे उपटली होती, बिळे उघडी पडली होती. पाणी जायच्या भोकातून एक सापीण आत आली तेव्हा वर्गात मी एकटाच होतो. जाड, मातकट रंगाची. माठाखालच्या गारव्याला ती गेली आणि तिने वेटोळे घातले. बरोबर माझ्या जागेवर, बरोबर माझ्यासारखे.

मित्रांनो, मी ओरडलो असतो. पण ओरडायला मला तोंड नाही. सर घाईघाईने खाली आले. दार उघडून भिंतीला टेकवले, आणि मी दार आणि भिंत यांच्यामध्ये झाकला गेलो. फक्त फटीतून मला कोपरा आणि सरांचे टेबल दिसत होते. सरांनी खिडक्या लावून घेतल्या. कोपऱ्याकडे एक नजर टाकली, समाधानाने मान हलवली आणि मुलांना आत बोलावले.

"त्या कोपऱ्यात काय आहे?"

"दोर, सर!"

साप साप म्हणून भुई धोपटणारी माणसे मी जन्मभर पाहिली. आता खरा साप समोर होता आणि सगळे त्याला माझे नाव देत होते! मला इतका संताप आला की माझे पदर सुटतील असे वाटले.

सरांनाही त्या दिवशी राग आला. वरच्या मजल्यावर ऐकून आलेले मनात असेल. ते म्हणाले, "कशावरून दोर? नोट्स मिटवा. तीस वर्षं मी हा प्रश्न विचारतोय आणि तुमच्यातला एक जण जागचा उठत नाही. अरे, उठा! जाऊन बघा!"

आणि तन्वी उठली.

ज्याची सर इतकी वर्षे वाट बघत होते, ते घडत होते. मीही ह्याचीच वाट बघत होतो. ती बाकांमधून पुढे आली, माठाजवळ गेली आणि वाकली. सरांचा चेहरा मी फटीतून पाहिला. इतका आनंद त्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता.

तन्वी थबकली. "सर," ती म्हणाली, "हे हलतंय."

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणाले, "नोट्स वाच ना, दोर आहे तो."

"नाही सर, प्रॉमिस. ये तो सांस ले रहा... म्हणजे श्वास घेतंय ते."

सर हसून म्हणाले, "छान! अगदी छान! तुला हललेलं दिसतंय. पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. अंधारात मन चित्रं रंगवतं. आता खात्री कशी करशील? नुसतं बघू नकोस. हात लाव."

"सर, मला नाही वाटत..."

"घाबरू नकोस. मी सांगतोय ना? हात लाव."

तिचा हात पुढे झाला. मला वाटले, अंबाजीने मला वळलेच नसते तर बरे झाले असते.

तेवढ्यात सत्यवती रिकामी बादली घेऊन आत आली. बादली ठेवायला तिने नेहमीप्रमाणे दार पुढे ओढले आणि मी तिच्यासमोर आलो. तिने मला पाहिले. कोपऱ्यात पाहिले. पुन्हा मला पाहिले.

"साब!" ती किंचाळली. "रस्सी तो इधरीच है! वो क्या है फिर?"

तन्वी मागे कोलमडली. बाक सरकले आणि कोपऱ्यातून कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला. मुले दारातून, खिडक्या उघडून, वाट मिळेल तिथून पळाली. प्लॉटवरचे कामगार काठ्या घेऊन आले आणि सापाला पोत्यात घालून घेऊन गेले. घोणस होती, म्हणाले. बच्चीला चावली असती तर वाचणे कठीण होते. सत्यवतीला ज्ञानाविषयीचा एकही वाद माहीत नव्हता. तिने मला स्वतःच्या हाताने खिळ्यावर टांगले होते आणि मी खिळ्यावर दिसत होतो, एवढेच तिला माहीत होते, आणि तेवढे पुरले.

सर बराच वेळ रिकाम्या वर्गात बसून राहिले. "मी म्हणालो हात लाव," एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. सत्यवतीने त्यांना पाणी दिले. ते त्यांनी घेतले नाही.

शनिवारी यादीचा कागद टेबलावर होता. नऊ सह्या झाल्या होत्या. नवल म्हणजे सापामुळे कुणी गळले नव्हते. उलट मुलांना सांगायला गोष्ट मिळाली होती. दहाव्या ओळीत तन्वीचे नाव होते आणि पुढची जागा मोकळी होती. दुपारी ती आली. श्रीकांत बाहेर स्कूटरजवळ थांबले होते. मी खिळ्यावर होतो आणि दार बंद होते, त्यामुळे मला सगळे नीट दिसत होते.

सरांनी पेन पुढे केले नाही. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "सर, एक विचारू? मी जवळ होते. तुम्ही लांब होतात. मी बघून सांगितलं, हलतंय. मग तुम्ही माझं खरं का नाही मानलं?"

मित्रांनो, सरांनी ह्या विषयावर तीस वर्षे व्याख्याने दिली होती. इंद्रिये फसवतात, अनुमान चुकते, साक्षीदारावर कधी विश्वास ठेवावा, सगळे त्यांना पाठ होते. मी वाट बघत होतो, आता ते कुठले तरी मोठे नाव सांगतील. त्यांनी चष्मा काढला.

"कारण मला उत्तर आधीच माहीत होतं, बेटा," ते म्हणाले. "तिथं दोर असतो, हे मला इतकं माहीत होतं की मीही बघितलं नाही. मुलांपाशी सौरभच्या नोट्स होत्या. माझ्यापाशी माझ्या होत्या. चूक माझी आहे."

तन्वीने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "खरं सांगितलंत, थँक यू सर. पण मी सही नाही करू शकणार. मला वर्ग आवडला होता. खरंच. पण आता तुम्ही काही करून बघ म्हणालात तर माझा हात पुढे येणार नाही."

"बरोबर आहे तुझं," सर म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दहावे नाव खोडले.

ती राहिली असती आणि वर्ग वाचला असता, असे सांगायला मला किती आवडले असते! पण मी दोर आहे, गोष्टी रंगवणे मला जमत नाही. सोमवारी खोली रिकामी झाली. फळा काढला, माठ बाहेर गेला, भिंतीला नवा पांढरा रंग लागला आणि टेबलांवर कॉम्प्युटर आले. सर पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. मला घरी न्यायचे त्यांना सुचले नाही किंवा धीर झाला नाही, कोणते ते मला ठाऊक नाही. मोडक्या बाकांची चळत माझ्या वेढ्यांनी बांधून अडगळीच्या खोलीत ठेवली आहे. माझा एक पदर तुटला आहे. उंदीर दुसऱ्याच्या मागे आहेत. सत्यवती होती तोवर वर्षातून एकदा मला झटकायची. आता तीही कामाला येत नाही.

मला उन्हात घाला, उंदरांपासून वाचवा, असे सांगावे ही माझ्यासारख्यांची रीत आहे. तेही करा, माझी हरकत नाही. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, जग खरे की भास, डोळे खरे की मन, यावर खुशाल वाद घाला, दिवसभर घाला. फक्त एखादी मुलगी जवळ जाऊन, वाकून, "हे हलतंय" म्हणाली, तर आधी तिला मागे ओढा. वाद मग घाला.